सारंगखेड्याची यात्रा : दर्शनापासून दातांपर्यंत

खानदेशात जत्रा भरत नाही, यात्रा भरते. शहाद्याकडचा शेतकरी मार्गशीर्षात 'यात्रेला चाललो' म्हणाला तर त्यात दत्ताचं दर्शन आलं, बोललेला नवस फेडणं आलं, एखादी घोंगडी, लोखंडी कढई, पोरांसाठी पाळणे आणि रात्रीचा तमाशाही आला. आणि ती यात्रा सारंगखेड्याची असेल तर घोडे तर आलेच. बाहेरून येणाऱ्याला वाटतं की देव एकीकडे आणि बाजार दुसरीकडे, आपण एक काहीतरी निवडायचं. तसं नाही. इथे दोन्ही एकाच पौर्णिमेला बांधलेलं आहे. ही बांधणी समजली, की दिवस कसा काढायचा हे आपोआप समजतं.

सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. यात्रा सुरू होते मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला. इंग्रजी तारीख पाठ करून उपयोग नाही. २०२३ मध्ये दत्तजयंती २६ डिसेंबरला होती, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकत जायचं आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारायची. २०२६ च्या ज्येष्ठात अधिक मास आहे, म्हणून त्या वर्षी ती पुन्हा २३ डिसेंबरवर जाते. तेव्हा आधी पंचांग उघडावं, मग रजा टाकावी. घोडे मात्र पौर्णिमेची वाट पाहत नाहीत. ते आधीच्या दिवसांतच येऊ लागतात आणि बाजार जयंतीनंतरही कित्येक दिवस चालतो. एका दिवसात सगळं उरकायचं असेल तर जयंतीचा दिवस दर्शनासाठी चांगला, घोडे पाहायला वाईट. निवांत घोडे पाहायचे असतील तर दोन दिवस आधी किंवा चार दिवसांनी यावं.

ही वेळच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. एक उत्तर शेतात सापडतं. पावसाळी पिकं घरात आलेली असतात, कापसाच्या वेचण्या सुरू असतात, हातात पैसा खेळत असतो आणि लग्नसराई तोंडावर असते. लग्न म्हटलं की वरात आणि वरात म्हटली की घोडा. दुसरं उत्तर आकाशात आहे. राजस्थानातल्या पुष्करचा मेळा कार्तिकी पौर्णिमेला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने सारंगखेड्याची पौर्णिमा. आणि तिच्यानंतर पंधरवड्याच्या आतच, मार्गशीर्ष वद्यात, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा, तीही जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेली. घोड्याच्या व्यापाऱ्याने पंचांग हाती धरलं तर थंडीचा त्याचा रस्ताच तयार होतो : उत्तरेतून तापीकाठी आणि तापीकाठावरून गोदावरीच्या खोऱ्यात. पूर्वी ही वाट पायी तुडवली जाई, आता ट्रकने उरकते. यात्रांच्या तिथी मात्र हलल्या नाहीत.

जागेचंही काही म्हणणं आहे. सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगलकाळातला मोठा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जाई. उत्तरेला सातपुडा, मधून पश्चिमेकडे सुरतेच्या दिशेने वाहणारी तापी आणि दोन्ही अंगांना काळी सपाट जमीन. गुजरात आणि मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर. जनावरं घेऊन येणाऱ्याला चारा, पाणी आणि मोकळं माळरान एकत्र मिळेल अशी ही जागा. बाजार तीनशे वर्षांहून जुना आहे असं गावात अभिमानाने सांगतात.

पोचायचं कसं, हे थोडक्यात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर दोंडाईचा आणि नंदुरबार ही दोन स्थानकं सोयीची. दोंडाईचा तापीच्या दक्षिणेला, धुळे जिल्ह्यात आहे. तिथून शहाद्याच्या रस्त्याला लागलं की नदीचा पूल ओलांडून सारंगखेडा. यात्रेच्या दिवसांत एसटीच्या जादा गाड्या असतात. स्वतःची गाडी असेल तर ती दूर लावून चालायची तयारी ठेवा. जयंतीच्या दुपारनंतर पुलाकडच्या रस्त्यावर गाडी हलत नाही. नंदुरबारकडून येत असाल तर त्या शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या दिसतील, लाल मिरची वाळत घातलेली मैदानंच्या मैदानं. काच खाली करू नका, ठसका लागेल. वाटेत प्रकाशा या गावी थांबता येतं. तापी आणि गोमाईचा तो संगम, तिथलं केदारेश्वराचं देऊळ. १९५४-५५ मध्ये इथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. पण हा फाटा परतीला घ्या. यात्रेच्या सकाळी जो आधी दुसरीकडे वळला, त्याचं दर्शन दुपारवर गेलं.

आता दर्शन. सकाळी लवकर रांगेत उभं राहावं. कपडे साधे, पायात काढायला-घालायला सोपी चप्पल, अंगावर शाल किंवा स्वेटर, कारण मार्गशीर्षातली पहाट नदीकाठी चांगलीच बोचते आणि अकरा वाजता त्याच शालीचं ओझं होतं. नदीत स्नान करून रांगेला लागायची जुनी रीत आहे. इथे एक सावधगिरी. तापीवर सारंगखेड्याला बॅरेज झाल्यापासून थंडीतलं पात्र पूर्वीसारखं उथळ राहिलेलं नाही, पाणी अडवलेलं आणि खोल असतं. आजोबांनी सांगितलेल्या आठवणीवर विसंबून आत शिरू नये, काठावर हातपाय धुतले तरी पुरतं.

गाभाऱ्यातला दत्त एकमुखी आहे. आपल्याकडे कॅलेंडरवर, देवघरात, गल्लीतल्या देवळात दिसणारा दत्त तीन शिरांचा, सहा हातांचा, मागे गाय आणि पायाशी कुत्री. ब्रह्मा, विष्णू, महेश एकत्र, ही त्यामागची कल्पना. एकमुखी दत्ताची देवळं त्या मानाने मोजकी. पुरंदरच्या पायथ्याचं नारायणपूर हे त्यांतलं एक. महानुभाव पंथात मात्र दत्त एकमुखीच. तिथे ते त्रिमूर्तीचं रूप नव्हे. द्वारकेचे श्रीकृष्ण, माहूरचे दत्तात्रेय प्रभू, फलटणचे चक्रपाणी प्रभू, रिद्धपूरचे गोविंद प्रभू आणि चक्रधर स्वामी या पंचकृष्णांपैकी ते एक. सारंगखेड्याला महानुभाव भक्तांची ये-जा मोठी, म्हणून इथे 'दत्तप्रभू' हा शब्द कानावर फार पडतो. रांगेत पुढचा 'दंडवत प्रणाम' म्हणतो, मागची आजी 'गुरुदेव दत्त' म्हणते आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मला या रांगेचं हेच आवडतं. वाद घालायला पुरेसा मजकूर आहे, पण पुढे सरकायची घाई जास्त आहे.

ज्यांचा नवस आहे त्यांचं काम दर्शनावर संपत नाही. इथला ओळखीचा नवस म्हणजे तुला. मूल झालं, दुखणं बरं झालं, पोरगं परीक्षेत निघालं, की त्याला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं आणि दुसऱ्यात बोलला असेल तो जिन्नस ठेवायचा. गूळ, साखर, जे बोललं असेल ते. तोंडातून निघालेला शब्द बदलायचा नाही, हा एकच कडक नियम. गूळ बोलला असाल तर साखर चालत नाही, भाव कितीही वाढलेला असो.

नवख्याने काही व्यवहारी गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मुलाचं वजन घरीच करून घ्या आणि त्याहून दोन-तीन किलो जास्त जिन्नस जवळ ठेवा. स्वेटर, बूट आणि खिशातली खेळणी धरून पोरगं घरच्यापेक्षा जड भरतं आणि ऐन वेळी गुळाची भेली शोधायला धावाधाव होते. जिन्नस थोडा थोडा ठेवत जावा, म्हणजे पारडं धाडकन वर जात नाही आणि मूल घाबरत नाही. काटा समान झाला की नारळ फोडतात, नमस्कार होतो. मग गुळाचे खडे हातोहात वाटले जातात. अनोळखी माणसाने पुढे केलेला खडा नाकारू नये. आपण त्या नवसाचे साक्षीदार होतो, एवढंच. गूळ तोंडात टाकून पुढे व्हावं.

आणि मग वास येतो. ओला चारा, लीद, धूळ आणि भिजवलेला हरभरा. घोडेबाजार आधी नाकाला सापडतो.

आत शिरताना पहिला धडा : घोड्याच्या मागून जायचं नाही. दावणीच्या रांगा लागलेल्या असतात आणि प्रत्येक घोडा अगाडी-पिछाडीने बांधलेला असतो. अगाडी म्हणजे पुढची दोरी, पिछाडी म्हणजे मागच्या पायांची. पिछाडी आहे म्हणून लाथ बसणार नाही असं समजू नये. समोरून, किंचित बाजूने, बोलत बोलत जावं, म्हणजे जनावर दचकत नाही. लहान मुलाला कडेवर घ्यावं. मधेच 'हटो हटो' करत कुणी तरणा मुलगा बिनखोगिराचा घोडा भरधाव काढतो, तेव्हा बाजूला व्हायला जागा कुठे आहे हे आधीच पाहून ठेवलेलं बरं.

घोडे येतात राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून. ओळख पटवायची तर आधी कान पाहावेत. दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडत असतील तर तो मारवाडी किंवा काठियावाडी. काठियावाडी अंगाने जरा लहान, कपाळ रुंद आणि नाकाची रेघ खोलगट. मारवाडी उंच, मान ताठ, चेहरा लांब आणि सरळ. पांढराशुभ्र, कातडी गुलाबी, तो नुकरा. वरातीला त्याचीच मागणी. काळा-पांढरा तो अबलख, तांबूस अंग आणि काळी आयाळ तो कुमैत, गडद काळा तो मुश्की. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी, आणि त्याचा मालक ते तुम्हाला न विचारता सांगेल.

मग शुभ-अशुभाचं प्रकरण. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात आणि कुठला भोवरा कुठे आहे यावर भाव चढतो-उतरतो. गळ्यावरच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात, तो लाभाचा. उलट काही जागचे भोवरे असले की गिऱ्हाईक काही न बोलता पुढे निघून जातं. हे शास्त्र प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्राच्या नावाने चालत आलेलं आहे. भोवऱ्यावरून घोड्याचा स्वभाव कळतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण भोवऱ्यावरून किंमत कळते हे मात्र खरं. उद्या तुम्हाला तो घोडा विकायचा झाला तर पुढचं गिऱ्हाईक तोच भोवरा शोधणार.

जाणकार माणूस मात्र थेट तोंडाकडे जातो. 'नाना, दात दखाडा,' असं म्हणायचा अवकाश, मालक घोड्याचा ओठ वर करतो. घोड्याच्या तोंडात पुढे वर सहा आणि खाली सहा दात. दुधाचे दात लहान, पांढरे, मुळाशी निमुळते. अडीच वर्षांच्या सुमाराला मधली जोडी पडून पक्की येते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरलं. इथवर हिशेब सोपा आहे. त्यानंतर दाताच्या माथ्यावरचे काळे खड्डे पाहायचे. खालच्या दातांत मधल्या जोडीचे खड्डे सहाव्या वर्षाच्या आसपास झिजतात, शेजारच्यांचे सातव्या, कडेच्यांचे आठव्या. पुढे सगळा अंदाज : दात लांब होत जातात, वरचे-खालचे दात पुढे तिरके झुकतात, डोळ्यावरची खळगी खोल होते. झिजलेल्या दातात नवा खड्डा कोरून तो काळा करायचा, ही घोड्याच्या व्यापारातली जगभरची जुनी लबाडी. म्हणून नुसता खड्डा पाहू नये, दाताचा कलही पाहावा. दात पुढे झुकलेले आणि खड्डे मात्र कोवळे, असं दिसलं तर हसून पुढच्या दावणीकडे वळावं.

तोंडानंतर पाय. चारही खूर उचलून पाहायचे : भेग आहे का, नालाचे खिळे कुठे बसलेत, खूर हाताला गरम लागतो का. मग मालकाला सांगायचं, कडक जमिनीवर सरळ चालवत ने आणि परत आण. मऊ मातीत लंगड लपते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडं मान वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली घालतं. डोळ्याजवळ हळूच हात नेऊन पापणी मिटते का पाहायचं, पण वारा लागेल असा झटका द्यायचा नाही, नाहीतर आंधळा डोळाही मिटतो. जरा पळवून आणल्यावर श्वासाला कान लावायचा. उंची मोजतात ती मान आणि पाठ जिथे जुळते त्या उंचवट्यापाशी, आणि सांगतात इंचात. साठ इंच, बासष्ट इंच. चौसष्ट म्हणताना मालकाचा आवाज बदलतो. चालीचा दर्दी असेल तर तो रेवाल चाल मागतो. या चालीत घोडा इतका सपाट आणि झपझप जातो, की स्वाराच्या हातातला पेला हिंदकळू नये, असं दर्दी सांगतात.

सौद्याला अनेकदा दलाल असतो. जनावरांच्या बाजारातली जुनी पद्धत म्हणजे हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटं दाबून भाव करायचा. भोवती शंभर माणसं उभी असतात, पण आकडा दोघांनाच कळतो. आता मोबाइलवर आकडा लिहून दाखवतात. अहिराणीत 'कितलाले शे?' विचारलं की समोरचा राजस्थानी व्यापारी हिंदीत उत्तर देतो आणि व्यवहार दोघांच्या मोडक्यातोडक्या मधल्या भाषेत होतो. ठरलं की इसार द्यायचा. उरलेले पैसे देताना पावती करून घ्यायची आणि जनावराच्या तपासणीचा दाखला मागायचा. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा रोग माणसालाही होऊ शकतो. त्याची खात्री रक्त तपासूनच होते, डोळ्यांना दिसणाऱ्या तुकतुकीवरून नाही. इथे भीड धरू नये.

वर्तमानपत्रांत दर वर्षी कोटीच्या घोड्याचा फोटो येतो. तो पाहायला गर्दी लोटते आणि तो घोडा बहुधा विकायला आलेलाच नसतो, मालकाचं नाव करायला आलेला असतो. अलीकडच्या वर्षांत यात्रेला चेतक फेस्टिव्हलची जोड मिळाली आहे. चेतक म्हणजे हळदीघाटच्या लढाईतला राणा प्रतापांचा घोडा. त्यात घोड्यांच्या शर्यती, नाच, देखणेपणाच्या स्पर्धा असतात. शर्यत पाहावी. खाटेवर चढून नाचणाऱ्या घोड्याला मात्र मी फार वेळ पाहू शकत नाही. त्याचा लगाम किती आवळलेला आहे हे एकदा दिसलं, की मग ताल ऐकू येत नाही.

घोडा घ्यायचा नसला तरी रिकाम्या हाताने परतायचं कारण नाही. बाजाराच्या कडेला साजाची दुकानं असतात : खोगीर, रिकीब, लगाम, तोबरा, खरारा, रंगीत गोंडे, कपाळावरची कलगी, पायातले पैंजण. लोक बैलांसाठीही इथूनच घंटा-गोंडे नेतात. पलीकडे शेतीची अवजारं, घोंगड्या, भांडी, बांगड्या. सातपुड्यातून उतरलेली पावरा आणि भिल्ल कुटुंबं या भागात घासाघीस करताना दिसतात. बायकांची नजर इतकी पक्की की दुकानदारच आधी नरमतो.

खायचं काय? गुळाची जिलेबी, गरम, कागदावर. गोडी शेव, भजी, मुरमुरे. जेवायला कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत मिळालं तर दुसरं काही शोधू नका, हा त्याचाच हंगाम. शेवभाजी तिखट असते आणि 'कमी तिखट' या शब्दाला इथे फारसा अर्थ नाही. पाण्याची बाटली जवळ ठेवा. पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवा. आणि बरोबरच्या माणसांशी भेटीची जागा सकाळीच ठरवून घ्या, कारण एवढ्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. 'मोठ्या पाळण्यापाशी' असं ठरवू नका. मोठे पाळणे तीन-चार असतात.

रात्री राहुट्यांत तमाशाचा खेळ उभा राहतो, ढोलकी पार पुलापर्यंत ऐकू येते. थांबणार असाल तर नवी घोंगडी आजच कामाला येईल. घोड्याच्या तळावर शेकोट्या पेटतात. मोतद्दार घोड्याच्या तोंडाला हरभऱ्याचा तोबरा बांधतो, पाठीवर झूल टाकतो आणि मगच स्वतःची भाकरी सोडतो. या वेळी व्यापारी मोकळे बोलतात. दिवसा सात वर्षांचा सांगितलेला घोडा शेकोटीपाशी नऊचा होतो.

निघताना बऱ्याचदा एक ट्रक उतारावर मागची बाजू टेकवून उभा दिसतो. विकला गेलेला घोडा चढायला तयार नसतो. ओढाल तर तो मागे रेटतो. मग जुना मालक पुढे होतो, लगाम हातात घेतो, आपल्या धोतराच्या सोग्यात बांधलेला सकाळच्या तुलेतला गुळाचा खडा तळहातावर ठेवतो आणि घोड्याकडे पाठ करून फळीवर चढू लागतो. घोडं त्याच्या मागून चढतं.